चार वर्षे उभे असलेले विमान घ्यावे का?

प्रश्न: उद्यमबागेत माझी फाउंड्री आहे. वय ४७. दोन वर्षांपूर्वी खाजगी वैमानिकाचा परवाना काढला असून आजवर ८२ तास उड्डाण झाले आहे. मी, निपाणीचे माझे साडू आणि खानापूरचे एक डॉक्टर मित्र असे तिघे मिळून चार आसनांचे, एका इंजिनाचे जुने विमान घेण्याच्या विचारात आहोत. दलालाने १९७९ सालचे सेस्ना १७२ एन दाखवले आहे. त्याची नोंदणी भारतातच आहे, गेली चार वर्षे ते हँगरमध्ये उभे आहे. इंजिनाचे ओव्हरहॉल (पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती) २००४ साली झाले आणि त्यानंतर ते फक्त ६१० तास चालले आहे. किंमत ३६ लाख सांगतात. इतक्या कमी तासांचे इंजिन या किमतीत पुन्हा मिळणार नाही, असे दलालाचे म्हणणे आहे. पत्नी आणि कॉलेजात शिकणारे दोन मुलगे यांना घेऊन बारामती, बेंगळूरु अशा फेऱ्या करण्याची इच्छा आहे. रिकाम्या वेळी विमान भाड्याने देऊन खर्च काढता येईल का, हेही कळवावे. इसार पुढच्या महिन्यात द्यायचा आहे. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: सप्रेम नमस्कार.

इसार अजून देऊ नका, ही विनंती सर्वांत आधी करतो. विमान वाईट आहे असे माझे म्हणणे नाही, कारण मी ते पाहिलेले नाही. सेस्ना १७२ हे १९५६ पासून बाजारात असलेले, ४४ हजारांहून अधिक संख्येने बनलेले आणि नव्या वैमानिकाच्या चुका इतर बहुतेक विमानांपेक्षा अधिक सोसणारे विमान आहे, तेव्हा आपली निवड चुकलेली नाही. परंतु आपल्या पत्रातला जो आकडा दलाल गुण म्हणून पुढे करीत आहे, त्या ६१० तासांचीच मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. वीस वर्षांत ६१० तास म्हणजे वर्षाला सरासरी तीस तास, आणि शेवटची चार वर्षे तर शून्य. विमानाचे इंजिन जेवढे चालल्याने झिजते, त्याहून अधिक ते उभे राहिल्याने बिघडते. मी जवळजवळ सगळी नोकरी अशी इंजिने उघडण्यात आणि जोडण्यात घालवली असल्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

आपण फाउंड्रीवाले आहात, म्हणून कारण आपल्याला लगेच पटेल. पावसाळ्यात मशीनिंग झालेला जॉब तेल किंवा ग्रीस न लावता उघडा ठेवला, तर चार दिवसांत त्यावर तांबूस छटा येते, हे उद्यमबागेत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. लायकमिंग कंपनीच्या या चार सिलिंडरच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन बंद झाले की तेल हळूहळू तळाच्या तेलसाठ्यात, म्हणजे संपमध्ये, उतरते, आणि कॅमचे उंचवटे व त्यांवर घासत त्यांचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारे टॅपेट सर्वांत आधी कोरडे पडतात. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत जो ओलावा असतो, तो ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) आणि एक्झॉस्टमधून आत शिरून नेमका त्याच कोरड्या पृष्ठभागांवर बसतो. तिथे सूक्ष्म गंज धरतो. पुढे इंजिन सुरू केल्यावर त्या गंजाच्या जागेवरून पोलादाचे बारीक कण सुटू लागतात, टॅपेटचा चेहरा खरवडला जातो, कॅमचा उंचवटा झिजतो, व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही आणि ताकद कमी होते. सुटलेले कण तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत फिरतात ते वेगळेच. अधूनमधून कोणीतरी दहा मिनिटे इंजिन जमिनीवर फिरवून ठेवत होते, असे दलाल सांगेल, पण त्याने समाधान मानू नका. इतक्या वेळात तेल पुरेसे तापत नाही, ज्वलनातून तयार झालेले पाणी बाहेर पडत नाही, आणि इंजिन उभे राहण्यापूर्वी होते त्याहून ओलसर होऊन बसते.

आपल्या विमानाच्या बाबतीत हा धोका आणखी वाढतो. १९७७ ते १९८० या सालांच्या १७२ एन विमानांना लायकमिंगचे ओ-३२०-एच२एडी हे १६० अश्वशक्तीचे इंजिन बसवलेले होते. याच इंजिनाचे टॅपेट आणि कॅम खरवडले जाण्याची तक्रार इतकी झाली, की तेलात ठरावीक पूरक द्रव्य घालणे सक्तीचे करावे लागले आणि पुढे कंपनीने कॅमला अधिक तेल पोहोचवण्याचा बदलही काढला. तो बदल झालेल्या इंजिनाच्या क्रमांकाला शेवटी इंग्रजी 'टी' अक्षर जोडलेले असते, ते आपण स्वतः पाटीवर पाहावे. १९८१ पासून सेस्नाने इंजिन बदलले, यावरून काय समजायचे ते समजावे. या इंजिनाचे दोन मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणारी यंत्रे, एकाच खोक्यात, एकाच दांड्यावर चालतात, म्हणजे जिथे दोन स्वतंत्र व्यवस्था असाव्यात तिथे एक सामाईक दुवा आहे, हेही लक्षात असू द्या. नियमित उडणारी एच२एडी इंजिने आपली पूर्ण मुदत गाठतात, आणि मी अशी इंजिने पाहिलेली आहेत. परंतु उभ्या राहिलेल्या एच२एडीवर डोळे मिटून विश्वास ठेवणारा इंजिनिअर मला भेटलेला नाही.

मुदतीचे म्हणाल तर लायकमिंगची शिफारस या इंजिनासाठी २,००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी आहे. तासांच्या हिशेबाने १,३९० तास शिल्लक दिसतात आणि दलाल तेवढेच दाखवतो. वर्षांच्या हिशेबाने ही मुदत २०१६ सालीच संपली.

माझ्या नोकरीच्या काळात आमच्या संस्थेने असेच एक विमान घेतले होते. तीन पावसाळे उभे, रंग नवा, आसनांचे कापड नवे, तास कमी. मी विरोध केला नाही, कारण कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडर किती दाब धरून ठेवतो याचे, आकडे चांगले आले होते. पंचवीस तासांच्या तपासणीला तेलाचा फिल्टर कापून पसरला, तर कागदाच्या घड्यांमध्ये पोलादाचे चमकणारे कण होते आणि ते चुंबकाला चिकटले. इंजिन उतरवले, बाहेर पाठवले, आणि ते परत येईपर्यंत विमान नऊ महिने जमिनीवर राहिले. कॉम्प्रेशनची परीक्षा सिलिंडर, रिंगा आणि व्हॉल्व्ह यांविषयी सांगते, कॅमविषयी काहीही सांगत नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही त्या दिवशी मी ते जोर देऊन बोललो नाही, याची खंत आजही आहे, आणि म्हणूनच आपल्याला इतक्या विस्ताराने लिहीत आहे.

यातली एक चांगली बाजू अशी, की एच२एडीचे टॅपेट क्रँककेस न फोडता बाहेरून काढता येतात. लायकमिंगच्या इतर बऱ्याच इंजिनांत कॅम पाहण्यासाठी सिलिंडर उतरवावा लागतो; इथे ते काम त्या मानाने सोपे आहे. विक्रेत्याशी संबंध नसलेला परवानाधारक इंजिनिअर आपल्या खर्चाने न्या आणि आठही टॅपेट काढून त्यांचे चेहरे पाहू द्या. आरशासारखा गुळगुळीत चेहरा हवा. एकावर जरी खड्डे किंवा पोपडे दिसले, तरी त्या इंजिनाला ओव्हरहॉल करावयाचे इंजिन म्हणूनच भाव द्यायचा. त्याच वेळी बोअरस्कोपने (आत घालून पाहण्याच्या बारीक दुर्बिणीने) सिलिंडरच्या भिंती आणि व्हॉल्व्ह पाहावेत, आणि कॉम्प्रेशन ८० पौंड दाबावर मोजावे, त्यात ६० च्या खालचा आकडा स्वीकारू नये. विमानाच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगबुकात, 'प्रोपेलर जमिनीला लागला' अशी किंवा तशा अर्थाची नोंद असेल, तर त्यानंतर इंजिन उघडून तपासल्याची नोंद शोधा. ती नसेल तर पुढे बोलणे नको. विक्रेता टॅपेट काढू देत नसेल, तर उत्तर मिळाले असे समजून नमस्कार करून परत या.

सांगाड्याकडे वळताना आधी गंजाचा विचार करावा. जुन्या सेस्नांपैकी अनेकांना आतल्या बाजूने गंजरोधक लेप कारखान्यात दिलेलाच नसे. विमान याआधी कोणत्या गावी उभे होते ते लॉगबुकातून काढा; समुद्रकाठी काही वर्षे गेली असतील, तर पंखांची तपासणीची झाकणे उघडून आत दिवा टाकल्याशिवाय समाधान मानू नका. पुढच्या चाकावर आदळून उतरल्याच्या खुणा इंजिनामागच्या पोलादी पडद्यावर, म्हणजे फायरवॉलवर, सुरकुत्यांच्या रूपाने राहतात, आणि नवा रंग त्या झाकू शकत नाही. वैमानिकाच्या आसनाचे रूळ आणि त्यांतली भोके झिजलेली आहेत का, हे तर हाताने पाहावे. चढताना आसन एकदम मागे सरकून हात सुकाणूपासून सुटल्यामुळे सेस्नांचे जीवघेणे अपघात झालेले आहेत आणि या रुळांची ठरावीक तपासणी त्यामुळेच सक्तीची आहे.

आता चार आसनांविषयी. आपल्या सगळ्या बेताचा पाया हाच आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे. १७२ एनचे जास्तीत जास्त अनुमत वजन २,३०० पौंड, म्हणजे १,०४३ किलो आहे. रेडिओ, बदललेली उपकरणे, रंगाचे थर अशा भरींमुळे जुन्या विमानाचे रिकामे वजन ६८० किलोच्या आसपास भरते, असे धरून चालू. शेवटच्या वजनाचा दाखला कागदांत असतो, त्यातला खरा आकडा नंतर घालावा. म्हणजे इंधन, माणसे आणि सामान मिळून ३६३ किलो उरले. साध्या टाक्यांमध्ये वापरता येणारे इंधन ४० गॅलन, म्हणजे सुमारे १५० लिटर, आणि त्याचे वजन १०९ किलो. उरले २५४ किलो. आपण, दोन तरुण मुलगे आणि पत्नी यांचे मिळून २८५ किलो धरले, तर एकही पिशवी न घेता विमान ३० किलोंनी जड झाले. आसने चार आहेत, पण टाक्या भरल्यावर प्रौढ माणसे तीनच बसू शकतात.

मग टाक्या अर्ध्या भरा. ७५ लिटर, ५४ किलो. माणसे धरून सुमारे २४ किलो सामानाला जागा राहते. तासाला ३० लिटर या हिशेबाने अडीच तास होतात, त्यातून पाऊण तासाचे राखीव इंधन वजा केले की हातात पावणेदोन तास, म्हणजे ताशी २०० किलोमीटर धरता साडेतीनशे किलोमीटरपर्यंतची मजल. बेळगावहून बारामती हवाई अंतराने २६० किलोमीटरच्या आसपास आहे, ती फेरी जमेल, मात्र परतीचे इंधन तिथे मिळेल का हे आधी पक्के करावे लागेल. बेंगळूरुचे जक्कूर साडेचारशे किलोमीटरच्या जवळपास पडते. चौघांना घेऊन तिथे एका दमात जाता येणार नाही. हुबळीला उतरून इंधन घेऊ असे म्हणून चालत नाही, कारण या इंजिनाला लागणारे निळ्या रंगाचे ॲव्हगॅस १००एलएल आणि विमानतळावर मोठ्या विमानांना मिळणारे इंधन ही वेगळी द्रव्ये आहेत, आणि ॲव्हगॅस प्रत्येक विमानतळावर नसते. २०२२ पासून इंडियन ऑइल ते देशातच तयार करते ही चांगली गोष्ट झाली. तरीही ते बहुधा पिंपांतून मागवावे लागते आणि त्याची व्यवस्था विमान घेण्याआधी लावावी लागते.

वजनाच्या या गणितात आपल्या उन्हाळ्याची भर पडते. सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी तापमान ३५ अंश असेल, तर हवा इतकी विरळ झालेली असते, की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत असे वाटते. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावते, तेव्हा १६० अश्वशक्तीपैकी १३५ च्या आसपास उरते आणि चढण्याचा वेग समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशाने घटतो. सांबऱ्याची धावपट्टी लांब असल्यामुळे उड्डाण होईल. प्रश्न पुढचा आहे. पूर्ण वजनाने, मंद चढत, उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या भरवशावर आपण कुटुंबाला घेऊन निघाला आहात, असे चित्र मला दिसते. २०२३ च्या मे महिन्यात सांबऱ्याहून उडालेले एक प्रशिक्षणाचे विमान होन्निहाळजवळ शेतात उतरवावे लागले आणि आतील दोघे बचावले. मे महिन्यात शेते मोकळी असतात. ऑगस्टात त्याच परिसरात उभा ऊस आणि चिखल असतो. आपल्या ८२ तासांच्या अनुभवाला कमी लेखण्याचा हेतू नाही. परंतु पहिले पन्नास तास मुलांना मागे न बसवता, एका अनुभवी वैमानिकाबरोबर आणि सकाळच्या गारव्यात करावेत, असे कळकळीने सांगतो.

कागदपत्रांचे थोडक्यात. उड्डाणयोग्यतेच्या पुनरावलोकनाचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे एआरसी म्हणतात, ते वर्षाचे असते. चार वर्षे उभ्या विमानाचे ते संपलेलेच असणार. ते पुन्हा मिळवून देण्याची जबाबदारी आणि खर्च विक्रेत्याचा, आणि पैशाचा मोठा भाग ते हाती आल्यावरच द्यायचा, असे करारात लिहून घ्या. नोंदणीवर बँकेचा बोजा आहे का, हे डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नोंदीतून पाहा. सर्व सक्तीच्या सुधारणा झाल्याची यादी मागा आणि ती लॉगबुकातल्या नोंदींशी एकेक ताडून घ्या. एक जरी लॉगबुक हरवलेले असेल, तर ते विमान मी घेणार नाही.

भाड्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकार असे आहे. खाजगी नोंदणीच्या विमानातून मोबदला घेऊन कोणालाही नेता येत नाही आणि खाजगी वैमानिकाचा परवानाही त्याला मुभा देत नाही. 'पेट्रोलचे तेवढे द्या' असे ओळखीच्यांना म्हणणेसुद्धा अंगाशी येऊ शकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. खर्च निघणार आहे असे धरून केलेला हिशेब फाडून टाका आणि तिघांनी मिळून दर वर्षी किती रक्कम निर्धास्तपणे देता येईल, तिथून नव्याने सुरुवात करा. त्या रकमेत हँगर, विमा, इंजिनिअर आणि वार्षिक तपासणी येईल. विमान एक तासही उडाले नाही तरी हा खर्च चुकत नाही. हँगरचे मात्र सर्वांत आधी पाहा. सांबऱ्यात छपराखाली जागा मिळत असल्याचे लेखी हाती नसेल, तर आपल्याकडच्या पावसात उघड्यावर ठेवण्यासाठी विमान घेऊ नये. साडू आणि मित्र यांच्याबरोबरचा व्यवहारही कागदावर असावा: कोणी बाहेर पडू इच्छिल्यास किंमत कशी ठरणार, दिवाळीच्या सुट्टीत विमान कोणाकडे, आणि कोणाच्या हातून चाक आदळले तर दुरुस्ती कोणाची. नाती टिकवायची असतील तर हे आजच बोलून घ्यावे.

परदेशातून दुसरे विमान आणावे का, असा विचार मनात येईल. अमेरिकेतल्या जाहिराती पाहून भुलू नका. वापरलेल्या विमानाच्या आयातीला डीजीसीएची वयाची अट आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून खाजगी वापराच्या विमानावरचा जीएसटी ४० टक्के झाला आहे. म्हणून भारतातच नोंदलेले, परंतु नियमित उडणारे विमान शोधा. प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झालेले, १,६०० तास झालेले आणि दर आठवड्याला उडणारे इंजिन मला आपल्या ६१० तासांच्या इंजिनापेक्षा अधिक विश्वासाचे वाटते. त्याचे ओव्हरहॉल जवळ आले आहे हे उघड असते आणि किंमत त्याप्रमाणे पाडून घेता येते. पायपर आर्चर मिळाल्यास अवश्य पाहा. त्याचे १८० अश्वशक्तीचे इंजिन आपल्या उन्हाळ्यात उपयोगी पडेल आणि वजनालाही थोडी अधिक सवड राहील. मात्र २०१८ साली फ्लोरिडात डेटोना बीच येथे आर्चरच्याच कुळातल्या पायपर ॲरोचा पंख धातू थकल्यामुळे निखळला, आणि त्यानंतर या कुळातील अनेक विमानांच्या पंखांच्या मुख्य तुळईची एडी करंट तपासणी (धातूतल्या भेगा विद्युत्प्रवाहाने शोधण्याची पद्धत) सक्तीची झाली. ती झाल्याचा कागद पाहावा. सेस्ना १८२ खरोखर चौघांना नेते, पण तासाला ५० लिटरच्या आसपास पिते.

तरीही आपले मन त्या १९७९ च्या सेस्नावरच बसले असेल, तर इंजिनाची किंमत शून्य धरा. ओव्हरहॉलचा लेखी अंदाज दोन ठिकाणांहून घ्या, त्यात इंजिन पाठवण्या-आणण्याचा खर्च मिळवा, ती बेरीज ३६ लाखांतून वजा करा आणि उरलेली रक्कम विक्रेत्यापुढे ठेवा. त्याने ती मान्य केली तर हा सौदा वाईट नाही. पुढच्या पत्रासोबत इंजिनाच्या लॉगबुकातील २००४ च्या ओव्हरहॉलचे पान, शेवटच्या उड्डाणाचे पान आणि वजनाचा दाखला, या तिन्हींच्या छायाप्रती पाठवा. इंजिनाच्या पाटीचे छायाचित्रही हवे, त्यात क्रमांकाचे शेवटचे अक्षर स्पष्ट दिसले पाहिजे.